बंदूक : हक्क की परवाना?

वादविवाद स्पर्धेत हा विषय दर दोन-तीन वर्षांनी हमखास येतो. 'शस्त्र बाळगण्याचा अधिकार नागरिकाला असावा का?' बाजूने बोलणारा अमेरिकेची राज्यघटना काढतो, विरोधात बोलणारा तिथल्या शाळांमधले गोळीबार सांगतो. टाळ्या पडतात, बक्षीस वाटलं जातं आणि आपण मेसकडे वळतो. या सगळ्यात आपल्या शहापूर-मुरबाडचं नावही निघत नाही. खरं तर बंदुकीचा प्रश्न आपल्या हॉस्टेलपासून फार लांब नाही. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या भागातले कुणी मित्र वर्गात असतील तर त्यांना विचारा. भात पिकायला लागलं की रात्र रात्र माळ्यावर बसून राखण करावी लागते, आणि तरी सकाळी खाचरात रानडुकरांनी लोळून ठेवलेलं भात दिसतं. त्या शेतकऱ्याला बंदूक हवी असते. दुसरीकडे कमरेला पिस्तूल लावून गाडीतून उतरणारा माणूसही आपण पाहिलेला असतो. त्यालाही बंदूक हवीच असते. या दोघांपैकी कायदा कुणाच्या बाजूने आहे? आणि प्रत्यक्षात काय होतं? या लेखात तेवढंच बघायचं आहे.

थोडा इतिहास

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घ्यायचं ठरवलं. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने शस्त्र बाळगायचं नाही, युरोपियनांना मात्र सूट. त्यामुळे हा कायदा आपल्या लोकांना अपमान वाटला यात नवल नाही. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याला विरोध केला. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक मागणी होती! अहिंसेच्या पुजाऱ्याची ही मागणी वाचून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. १९३१ च्या कराची ठरावातही नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला होता.

आपल्याच मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजी पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणलं होतं. सिद्धगडाला ट्रेकला जाणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मग स्वातंत्र्य मिळाल्यावर शस्त्राचा हक्क घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तशी दुरुस्ती सुचवली होती, कराची ठरावाची आठवण करून देऊन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की हा हक्क बंधनाशिवाय मूलभूत करून टाकला तर उद्या चोर आणि पाकीटमारही तोच हक्क सांगत येतील. दुरुस्ती फेटाळली गेली. आज घटनेचं कलम १९ वाचलं तर नागरिकाला एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य दिलेलं दिसतं, पण 'शांततेने आणि विनाशस्त्र'.

जगात काय चाललंय

अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्राचा हक्क आहे, आणि २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर पुढच्याच वर्षी खाजगी पिस्तुलांवर बंदी आली. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या.

भारत या दोन्ही टोकांना नाही. आपल्याकडे बंदी नाही आणि हक्कही नाही, आहे तो परवाना. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत १०० माणसांमागे १२० बंदुका होत्या, भारतात सुमारे ५. पण त्याच अंदाजात दुसरा आकडा आहे तो जास्त महत्त्वाचा. भारतात लोकांकडे असलेल्या सुमारे ७ कोटी बंदुकांपैकी नोंदणी असलेल्या १ कोटीसुद्धा भरत नाहीत. बाकीच्या कायद्याच्या नजरेला पडतच नाहीत.

कायदा नेमकं काय म्हणतो?

सध्याचा कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे, आणि मोठी दुरुस्ती २०१९ ची. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. शहरी भागात परवाना पोलीस आयुक्त देतात. शहापूर आणि मुरबाड ठाणे ग्रामीण पोलिसांकडे येतात, त्यामुळे इथला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, २०१९ पासून दोनच. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. लग्नात किंवा वरातीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याच्या नावावर परवाना आहे तो वारला तर बंदूक तशीच पोटमाळ्यावर ठेवून चालत नाही. ती जमा करून वारसाने स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो.

आता दोन तरतुदी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. पहिली कलम १३ मधली. तिथे शेतकऱ्याचा चक्क उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय कायद्यातच आहे, आणि ती अपुरी पडेल असं अधिकाऱ्याला पटलं तर लांब नळीची दुसरी साधी बंदूकही देता येते. याउलट पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याने 'सबळ कारण' पटवून द्यायचं असतं. म्हणजे कायद्याच्या रांगेत खाचरातला शेतकरी पुढे आणि कमरेला पिस्तूल लावणारा मागे.

दुसरी तरतूद कलम १४ मधली. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कायद्याने विचारायचं ते गरज काय आणि माणूस कसा. सात-बारा किती मोठा हे विचारायचं नाही.

आणि प्रत्यक्षात?

इथे रांग उलटी झालेली दिसते. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, जमिनीचे भाव चढले, व्यवहार वाढले, आणि पैशाबरोबर परवान्याच्या बंदुकीचा रुबाबही आला. गावाकडे तर 'त्याच्याकडे लायसन आहे' हे वाक्यच मोठेपणा सांगायला पुरतं. बंदूक गरजेची न राहता प्रतिष्ठेची झाली की काय होतं ते फेब्रुवारी २०२४ ने दाखवलं. २ तारखेला आपल्याच जिल्ह्यात उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, जमिनीच्या वादातून, एका विद्यमान आमदाराने दुसऱ्या पक्षाच्या पदाधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला. ८ तारखेला दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाचा खून झाला तेव्हा वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. पुढे बीड जिल्ह्यात परवान्यांचा सुकाळ झाल्याची ओरड झाली आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत तिथले शंभराहून जास्त परवाने रद्द करावे लागले. हे परवाने आधी दिलेच का, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी बहुतेकांमध्ये बंदूक विनापरवान्याचीच असते, हे सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षं दाखवते. म्हणून 'परवाने बंद करा म्हणजे खून थांबतील' हे म्हणणं टिकत नाही. पण 'सगळ्यांना परवाने द्या म्हणजे गुंड घाबरतील' हेही टिकत नाही. वरच्या दोन घटनांत घाबरवणाऱ्याच्याच हातात परवान्याची बंदूक होती.

रानडुक्कर आणि ठासणी

आता शेतकऱ्याकडे येऊ. त्याला परवाना मिळाला तरी डुक्कर मारता येतं का? नाही! शस्त्र परवाना वेगळा, शिकारीची परवानगी वेगळी. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर त्याच कायद्याच्या कलम ११ खाली वन विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. त्यात आपल्या भागाला आणखी एक अट लागू पडते, जी फार कमी जणांना माहीत असते. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य, मुरबाडच्या कड्यावर भीमाशंकर अभयारण्य. नकाशावर दहा किलोमीटरचा कंपास फिरवून बघा, कितीतरी गावं आत येतात.

कागदाचा हा डोंगर बघून काही जण सोपा मार्ग धरतात. गावठी ठासणी. इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. मेकॅनिकलवाल्यांना स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला पातळ नळकांड्याचा हूप स्ट्रेस आठवत असेल : आतला दाब गुणिले व्यास, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. बंदुकीची नळी काही पातळ नळकांडं नव्हे, पण मुद्दा तोच. दारू पेटल्यावर क्षणात प्रचंड दाब तयार होतो. कारखान्यातली नळी त्यासाठी ठरावीक पोलादाची असते आणि जास्त दाब देऊन तपासलेली असते. गावठी बंदुकीची नळी कसल्याशा पाइपाची. पाइपाला उभा जोड असेल तर हूप स्ट्रेस नेमका तो जोड उसवायला बघतो. दारू अंदाजपंचे ठासलेली, आतून गंज चढलेला. अशी नळी फुटली तर ती नेम धरणाऱ्याच्या डाव्या हातात आणि चेहऱ्यासमोर फुटते.

दुसरा धोका त्याहून मोठा. रात्रीच्या अंधारात झुडुपात हललं ते सावज की माणूस? २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात, डुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकीच एक जण सोबत्याच्या गोळीने मेला. डुक्कर समजून गोळी झाडल्याचं पोलीस तपासात पुढे आलं. बंदूक वापरण्याचे नियम जगभर सारखेच आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजा, नळी माणसाकडे करू नका, नेम पक्का होईपर्यंत चापावर बोट नको, आणि समोर काय आहे व त्याच्या मागे काय आहे हे दिसल्याशिवाय बार काढू नका. रात्रीच्या शिकारीत शेवटचा नियम पाळणं जवळजवळ अशक्यच असतं.

मग उपाय?

माझं मत सरळ आहे. घटना समितीने शस्त्राला हक्क मानलं नाही ते बरोबर केलं. पण परवाना ही सरकारने दिलेली सवलत असेल तर ती गरज बघूनच दिली गेली पाहिजे. ओळख आणि ऐपत बघून दिली तर आपण १८७८ च्याच कायद्यावर परत जातो. तेव्हा गोऱ्याला सूट होती, आता वजनदाराला मिळेल, एवढाच फरक. गरजेचा अर्ज कारण न देता पडून राहू नये, आणि रुबाबाचा अर्ज कितीही फोन आले तरी पास होऊ नये. अर्ज नाकारला तर कायद्यात अपिलाची सोय आहे, हेही गावात सांगायला हवं.

आणि शेतकऱ्याला बंदूक हवी असते ती पीक वाचवायला. तेच काम दुसऱ्या मार्गाने झालं तर त्याला ती नकोच असते. नुकसान झालं की वेळ न घालवता वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, भरपाई मिळते. इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी तर इथे हातात घेण्यासारखं काम आहे : सौर कुंपण. त्यात व्होल्टेज जास्त असतं, पण झटका सेकंदाला साधारण एकदा आणि तोही अगदी क्षणभर, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. काही ठिकाणी लोक तारेत थेट घरातली २३० व्होल्टची लाइन सोडतात, तो मात्र गुन्हा आहे. तो सलग प्रवाह स्नायू आखडून धरतो, आणि त्यात डुकराआधी शेजारचा माणूस किंवा गुरं मरतात. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत इंटरनेटवर फिरण्यापेक्षा एखाद्या पाड्यावर जाऊन अशा कुंपणाचा खर्च, अर्थिंग, पावसाळ्यातली गवताची गळती यांचा नीट अभ्यास करायला काय हरकत आहे? आपले सर नक्कीच मदत करतील.

पुढच्या वेळी वादविवाद स्पर्धेत हा विषय निघाला, तर अमेरिका जरूर सांगा. पण पाच मिनिटांतली दोन तरी तानसाच्या काठावर भात राखणाऱ्या माणसासाठी ठेवा. आपल्याकडच्या कायद्यात त्याचं नाव आधीपासून आहे.