चष्म्याचा नंबर तोच, मग ओळी का हलतायत?

आजचा विषय आहे, डोक्याला मार लागल्यावर डोळ्यांचं काय होतं.

माझा मावसभाऊ बाइकवरून पडला. सीटी स्कॅन नॉर्मल, चष्म्याचा नंबरही तोच. तरी लॅपटॉप उघडला की दहा मिनिटांत डोकं धरून बसायचा. ओळी एकमेकींवर चढतायत म्हणायचा. घरच्यांना वाटलं, कामाचा कंटाळा. पण तसं नव्हतं.

कसं आहे बघा. ६/६ची टेस्ट म्हणजे ६ मीटरवरचं स्थिर अक्षर एकेका डोळ्याने वाचणं. पण मोबाइल वाचताना दोन्ही डोळे एकत्र आत वळावे लागतात आणि ओळीवर छोट्या छोट्या उड्या मारत पुढे सरकावे लागतात. प्रत्येक डोळ्याला ६ स्नायू, ते चालवणाऱ्या ३ नसा, आणि सगळ्यांचा ताळमेळ मेंदूकडे. मार लागला की हा ताळमेळ बिघडू शकतो. सीटी स्कॅनमध्ये तो दिसेलच असं नाही.

या तीनपैकी एक नस खूप बारीक असते आणि कवटीच्या आत सगळ्यात लांबचा रस्ता कापते, म्हणून धक्क्याने लवकर दुखावते. मग एकाच्या दोन वस्तू दिसतात, एक वर, एक खाली. जिना उतरताना, मोबाइल बघताना जास्त त्रास. माणूस नकळत मान एका बाजूला कलती ठेवतो.

दोन-दोन दिसत असेल तर एक डोळा झाका. दुसरी प्रतिमा गायब झाली, तर दोन्ही डोळे एका रेषेत नाहीत. असं असेल तर गाडी चालवू नका आणि लगेच डॉक्टर गाठा. सोबत उलट्या, गुंगी, पडलेली पापणी किंवा एक बाहुली मोठी दिसली, तर थेट इमर्जन्सीत.

बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. राहिलाच, तर डोळ्यांचे व्यायाम आणि प्रिझमचा चष्मा असे उपाय आहेत. पण डॉक्टरांना नुसतं ‘डोळे दुखतात’ सांगू नका. डोक्याला मार कधी लागला, काय करताना त्रास होतो ते सांगा आणि म्हणा, ‘नंबर नको, दोन्ही डोळ्यांची हालचाल तपासा.’

भावाचं निदान या एका वाक्यानंतरच झालं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!