एका इंग्रजी खेड्याच्या नांवाची कुळकथा

घराण्याचा मूळपुरुष शोधावयाचा झाला म्हणजे आपण तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळतों; गांवाच्या नांवाचें कूळ शोधावयाचें तर जुने लेखच चाळावे लागतात. केवळ आजचें रूप पाहून अर्थ लावूं गेल्यास बहुधा फसगत होते. इंग्लंडांतील लेस्टरशायर परगण्यांत ‘ब्रीडन ऑन द हिल’ म्हणजे ‘टेकडीवरील ब्रीडन’ या नांवाचें एक खेडें आहे. त्याची नामकथा या दृष्टीनें उद्बोधक वाटल्यामुळें ती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजी जाणणारास ‘ब्रीडन’ ऐकून पैदाशीच्या अर्थाचें ‘ब्रीड’ हें क्रियापद आठवेल, व येथें पूर्वीं गुरांची पैदास होत असावी असा तर्क तो बांधील. हा तर्क सर्वथैव भ्रामक होय. बीड नांवाच्या विद्वान् मठवासी साधूनें इ. स. ७३१ मध्यें पूर्ण केलेल्या इंग्रजांच्या धर्मेतिहासांत या स्थळाचें नांव ‘ब्रिउडून’ असें आढळतें. येथील मठांतील टॅटविन हा त्याच वर्षीं कँटरबरीचा आर्चबिशप झाला, म्हणून हा उल्लेख आला.

हें रूप हातीं येतांच कोडें उलगडतें. अँगल व सॅक्सन लोक पांचव्या शतकांत समुद्रापलीकडून येऊन वसूं लागले, त्यापूर्वीं त्या देशांत केल्टिक भाषा बोलणारे ब्रिटन लोक नांदत होते. भोंवतालच्या सखल प्रदेशांत उठून दिसणाऱ्या या चुनखडीच्या टेकडीस ते आपल्या भाषेंत नुसतें ‘टेकडी’ म्हणत. त्या शब्दाचा अवशेष म्हणजे ‘ब्रे’. नवागतांनीं तें विशेषनाम समजून त्यास स्वतःच्या भाषेंतील टेकडीवाचक ‘डून’ हा शब्द जोडला. कालांतरानें ‘डून’चा ‘डन’ झाला, त्याचाही अर्थ लोपला, आणि मागाहून ‘टेकडीवरील’ हें तिसरें पद जोडण्यांत आलें. एकाच नांवांत टेकडी तीन वेळां आली! याचें हसूं येण्याचें कारण नाहीं. आपण ‘सह्याद्रि पर्वत’ म्हणतों तेव्हां ‘अद्रि’ म्हणजेच पर्वत, हें कितीजणांच्या ध्यानीं असतें?

बकिंगहॅमशायरमधील ‘ब्रिल’ गांवाचीही हीच कथा. मध्ययुगीन राजपत्रांत तें ‘ब्रेहुल’ असें लिहीत. ‘ब्रे’ म्हणजे टेकडी आणि ‘हुल’ म्हणजेही टेकडी. झिजतां झिजतां दोन भाषांतील दोन शब्द आज एका अक्षरांत सामावले आहेत.

ब्रीडनच्या टेकडीवर लोहयुगीन तटबंदी होती. प्राचीन मठाचे कोरीव दगड तेथील चर्चमध्यें अद्यापि पाहावयास मिळतात. परंतु चुनखडीच्या खाणीनें टेकडीचा व तटबंदीचा पूर्वेकडील बराचसा भाग गिळून टाकिला आहे. ज्यांनीं तट उभारले त्यांचे दगड फुटले. त्यांच्या वंशजांच्या तोंडचा एक लहानसा शब्द मात्र राहिला. तो राहिला याचें कारण, कोणा लेखकानें तो जसा ऐकला तसा लिहून ठेवला. म्हणून जुन्या कागदांत गांवाचें नांव आज अशुद्ध वाटावें असें लिहिलेलें दिसल्यास नक्कल करतांना तें सुधारण्याचा मोह आपण आवरावा. ज्यास आपण अशुद्ध म्हणतों, तीच कदाचित् एखाद्या लुप्त भाषेची अखेरची साक्ष असेल.