वाढवणच्या वाटेवर 'पारी'

पालघर जिल्ह्यातल्या वाढवणला बंदर करायचा प्रस्ताव 1998 मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने फेटाळला होता. त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये बंदराला परवानगी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणीही झाली. या काळात बातम्या कमी आल्या असं नाही. पण त्या बहुतेक कोटींच्या आणि हेक्टरच्या. वरोर-चिंचणीत घरोघरी चालणारी डायमेकिंगची कामं, मासळीने समृद्ध अशा 'गोल्डन बेल्ट' समुद्रपट्ट्यातली घोळ आणि पापलेट यांची आठवण मोर्चा निघाला की व्हायची. 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' ही घोषणा छापून यायची. ती देणारी बाई कुठल्या पाड्यावरची, तिच्या घरी होडी कुणाच्या नावावर, हे कुणी विचारत नसे.

असे प्रश्न विचारायचेच, असं ठरवून 20 डिसेंबर 2014 रोजी पी. साईनाथ यांनी 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' सुरू केलं. सगळे त्याला 'पारी' म्हणतात. साईनाथ तोवर 'द हिंदू'चे ग्रामीण घडामोडींचे संपादक होते, मॅगसेसे पुरस्कारही 2007 मध्ये मिळाला होता. तरीही त्यांनी जाहिरातीविना चालणारं आणि फुकट वाचता येणारं डिजिटल पत्र काढलं, जे बातमीपत्र आहे तसं दप्तरही आहे. मेधा काळे यांच्यासारख्या अनुवाद-संपादकांमुळे ते मराठीत आलं. माझ्या मते पारीचं निम्मं काम या अनुवादांनीच केलं आहे. ज्याच्यावर लिहिलं त्याच्या घरात ते वाचता यावं, ही साधी गोष्ट आपल्या पत्रकारितेने फार काळ गरजेची मानली नव्हती.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च मुंबईच्या वेशीवर आल्यावर शहराला दिसला. पारीचे लोक त्याआधीपासून सोबत चालत होते. वनहक्काचा दावा कधी केला, किती गुंठे मिळाले, पायाला फोड आल्यावर काय बांधलं, हे सगळं त्यांनी नोंदवलं. दहावीच्या मुलांची परीक्षा बिघडू नये म्हणून मोर्चा शेवटच्या रात्री झोप न घेता आझाद मैदानाकडे निघाला, तेही. जानेवारी 2021 मध्ये दिल्लीच्या सीमांवर आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांना पाठिंबा द्यायला पालघरचे वारली तारपा घेऊन त्याच मैदानात आले, तेव्हाही वाजवणाऱ्याचं नाव आणि गाव मजकुरात होतं.

पारीच्या हवामानबदलाच्या मालिकेत वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली घटलेली मासळी आली, आणि 2020 मध्ये पारीला प्रेम भाटिया पुरस्कार मिळाला. तिकडे एल साल्वादोरमध्ये 1998 साली इंटरनेटवरच जन्मलेल्या 'एल फारो' या स्पॅनिश पत्राचा लौकिकही असाच वाढला. पण त्याच्या पत्रकारांचे फोन पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने पोखरले गेले आणि 2023 मध्ये संस्थेला आपलं प्रशासकीय आणि कायदेशीर कामकाज कोस्टा रिकात न्यावं लागलं. चांगल्या पत्राला किंमत मोजावी लागते. आपल्याकडे निदान ती मोजायची तयारी असलेले वाचक हवेत, कारण पारी देणग्यांवर चालतं.

वाढवणच्या बंदरासाठी समुद्रात 1,448 हेक्टरांवर भराव पडणार आहे. त्याआधी शंखोदरचे खडक, तिथे येणारी मासळी, वाढवणच्या होड्यांची आणि मासेविक्या बायांची नोंद गावाच्या बोलीत व्हायला हवी. पारीची पद्धत समोर आहे, आणि डहाणू-तलासरीतल्या शिकलेल्या मुलामुलींच्या हातात मोबाइल आहेत.