काचेआडचे ऊन आणि कासवाचे कवच

मुंबई-पुण्याच्या दुकानांतून विकले जाणारे, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले इवलेसे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. तेथे पाण्याबाहेर आलेल्या ओंडक्यावर मान व पाय ताणून ते तासन्‌तास ऊन खात पडते; आणि ज्या कवचाच्या आश्रयाने ते जगते, त्या कवचाची घडण बव्हंशी याच उन्हावर अवलंबून असते.

कवच हे वरून चढविलेले आवरण नव्हे. बरगड्या आणि पाठीचे मणके एकजीव होऊन ते सिद्ध झालेले असते, म्हणजे ते साक्षात अस्थीच होय. अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे. सूर्यप्रकाशातील सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेतील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर पडले की या जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते. ते शरीराच्या उष्णतेने पक्व होते, आणि यकृत व मूत्रपिंड यांच्याकडून संस्कार झाल्यावरच कार्यक्षम ठरते. शीतरक्ती कासवाला ती उष्णताही बाहेरूनच मिळवावी लागत असल्यामुळे ऊब आणि किरण ही दोन्ही त्याला एकाच जागी लाभली पाहिजेत.

खिडकीची साधी काच उजेड आत येऊ देते, परंतु हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडविते. त्यामुळे आपल्या डोळ्यांना लख्ख दिसणाऱ्या काचपेटीतही कासव उन्हाला पारखे राहू शकते. अशा वेळी रक्तातील कॅल्शियम घटू लागले की परावटू ग्रंथी हाडांच्या खजिन्यातून त्याची उचल करू लागते. कवच मऊ पडते, त्याच्या कडा अंगठ्याने दाबताच लवतात, जबडा दुबळा होतो आणि खाणे मंदावते.

मुलांचा मुडदूस अतिनील दिव्याने बरा होतो, हे बर्लिनच्या हुल्डशिन्स्की या वैद्याने १९१९ साली दाखवून दिले होते. कासवांच्या बाबतीत, याच तांबड्या पट्ट्याच्या जातीवरील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात, दिव्याखाली राहिलेल्या कासवांच्या रक्तात ड जीवनसत्त्व इतरांहून स्पष्टपणे अधिक आढळले. अन्नातून दिलेले जीवनसत्त्व मात्रा चुकल्यास विषवत् ठरते. उलट त्वचेतील जादा पूर्वरूप त्याच प्रकाशाने निरुपद्रवी द्रव्यांत पालटते, हा निसर्गाचा केवढा चोख बंदोबस्त!

म्हणून पाळणाऱ्याने पाण्याबाहेर कोरडी जागा करावी आणि तिच्यावर, मध्ये काच न ठेवता, दिवा योग्य अंतरावर टांगावा. मात्र बंद काचपेटी थेट उन्हात कदापि ठेवू नये, कारण आतील पाणी तापून प्राण्याच्या जिवावर बेतते. पुष्कळशा नळीदिव्यांतील अतिनील किरण सहा ते बारा महिन्यांत क्षीण होतात, जरी त्यांचा उजेड पूर्वीसारखाच दिसत राहतो. यास्तव दिवा बसविल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवावी आणि मुदत भरताच, तो जळत असला तरी, विनातक्रार बदलावा.