रानमांजर मारावे की राखावे?

गेल्या फाल्गुनात उरण तालुक्यातील एका खारीत आम्ही गेलो असता कोंबड्यांच्या खुराड्याजवळ एक रानमांजर फासात मरून पडलेले दृष्टीस पडले. आमचा स्नेही शेतकरी अभिमानाने म्हणाला, “भाऊसाहेब, चोर सापडला.” जवळ जाऊन पाहता ती मादी होती व तिच्या आचळांस दूध होते. सायंकाळपर्यंत आम्ही दोघांनी बांधाकडेचे गवत धुंडाळले. पिल्ले काही मिळाली नाहीत.

ज्यास कोठे कोठे बाऊल म्हणतात तेच हे जनावर. पाय उंच, शेपूट आखूड व टोकाकडे काळी वलये असलेले, कानांच्या टोकांस काळे केस. अमेरिकेत याचा मोठा भाऊबंद बॉबकॅट लोकरीसाठी अनेक संस्थानांत परवान्याने आजही मारला जातो. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रानमांजर मारणे गुन्हा आहे. हे आमच्या स्नेह्यास ठाऊक नव्हते, आणि गावोगाव किती जणांस ठाऊक असेल याची आम्हांस शंकाच आहे.

परंतु कायदा बाजूस ठेवून नफातोटा पाहू. राजस्थानात सरिस्का येथील अभ्यासात एक रानमांजर दिवसास तीन ते पाच उंदीर खाते असा अंदाज निघाला. हिशेब मांडण्याची आमची जुनी खोड. कमीत कमी धरले तरी वर्षाचे १,०९५ उंदीर होतात. खारीत उंदीर व घुशी केवळ दाणा नेत नाहीत, बांध पोखरतात. आणेवारीच्या कामी हिंडताना आम्ही पाहिले आहे की, अशा बिळांतून उधाणाचे पाणी शिरते, खांड पडते, आणि जमिनीतील खार उतरण्यास पुढे कित्येक पावसाळे जावे लागतात. प्रत्येक खांड रानमांजर मारल्यानेच पडते असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. पण दिवसास तीन उंदीर फुकट मारणारा गडी दुसरा कोण मिळतो?

ते कोंबडी मुळीच नेत नाही असेही नाही. तथापि मुंगूस, उदमांजर व मोकाट कुत्रे यांच्या चोऱ्याही त्याच्याच नावावर खर्ची पडतात. त्यातून १९७० पासून नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनात आली. शेते व खाजणे बुजून इमारती उठल्या. उरलेल्या शेतांत व वस्तीलगत हे जनावर अधिक दिसू लागले असेल, तर त्यात त्याचा दोष तो काय?

खुराडे जमिनीपासून हातभर उंच करावे, बारीक छिद्रांची जाळी लावावी, दिवेलागणीपूर्वी दार घट्ट बंद करावे. फास लावूच नये. जिवंत जनावर अडकलेले आढळल्यास हात न घालता वनखात्यास कळवावे.

त्या मादीस पुरल्यावर पंधरा दिवसांनी त्याच खुराड्यातून आणखी एक कोंबडी गेली. मग आमच्या स्नेह्याने जाळी आणली.