धुराचा हिशेब कोणाच्या वहीत?

पदवीच्या वर्गात पर्यावरणाचे अर्थशास्त्र शिकवतात, असे सांगितले की पुष्कळांना वाटते, नदी-जंगलांविषयी कळकळ निर्माण करणारा हा विषय असावा. वस्तुतः हे हिशेबाचे शास्त्र आहे. त्याचा मूळ प्रश्न असा : नुकसान कोणाचे आणि भरपाई कोणी करायची?

पाया घातला पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने, 1920 सालच्या ग्रंथात. कापड रंगवणारा कारखाना घ्या. कापड, रंग, कोळसा, मजुरी हे सारे मालकाच्या वहीत चढते. पण सांडपाण्याने खालच्या गावाची विहीर नासली, तर तो खर्च गावकऱ्याच्या घरात निघतो. समजा, एका ठाणाला मालकाचे 100 रुपये लागले आणि गावाचे 15 रुपयांचे नुकसान झाले. मग ठाणाचा खरा खर्च 115 रुपये. वहीत न चढणाऱ्या या 15 रुपयांना बाह्य खर्च म्हणतात. नुकसानीइतका कर सांडपाण्यावर बसवा, म्हणजे पाणी शुद्ध करणेच मालकाला परवडू लागेल, असा हा विचार.

1960 साली रोनाल्ड कोस यांनी दुसरी बाजू मांडली. हक्क स्पष्ट असतील आणि बोलणी करायला खर्च पडत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत तोड काढतील. बोलणी करण्यातच आमचा जन्म गेला; बिनखर्चाची बोलणी काही आम्ही पाहिली नाहीत! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली, तामिळनाडूतील चर्मोद्योगांच्या खटल्यात, प्रदूषण करणाराने भरपाई करावी हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले.

पण नुकसानीचा आकडा ठरवायचा कसा? येथे विद्यार्थ्याने डोळे उघडे ठेवावेत. 50 वर्षांनी होणाऱ्या 100 रुपयांच्या हानीचे आजचे मोल दरसाल 5 टक्के दराने पावणेनऊ रुपयांच्या आत येते. 2 टक्क्यांनी तेच 37 होते. दर निवडणारा नातवंडांचे नशीब निवडतो. दुसरी रीत म्हणजे, स्वच्छ हवेसाठी काय द्याल, असे लोकांना विचारणे. ज्याचा खिसा रिकामा, त्याचे उत्तर लहान. म्हणून त्याचे फुप्फुस स्वस्त ठरते काय?

तिसरी रीत आम्हांला फार जवळून ठाऊक आहे. धोक्याच्या कामाला जादा मजुरी किती, यावरून जिवाची किंमत काढतात. एका कारखान्यात आम्ही धूळ खेचणारे पंखे मागितले होते. व्यवस्थापनाने महिन्याचा भत्ता देऊ केला. घरोघर नड होती. सभासदांनी हात वर केले आणि आम्ही सही केली. त्या दिवशी तो विजय वाटला. पुढे त्यांचा खोकला ऐकू येऊ लागला, तेव्हा कळले की आम्ही धूळ हटवली नव्हती, विकली होती. असल्या भत्त्याला पुस्तक कामगाराची राजीखुशी मानील. त्या राजीखुशीत नड किती होती, हे कोष्टकात दिसत नाही.

म्हणून मुलांनी हा विषय जरूर घ्यावा. मागणी-पुरवठा, सीमांत खर्च, संख्याशास्त्र पक्के करावे; गणिताला भिऊ नये. हिशेब न येणाऱ्याला दुसऱ्याचा हिशेब मान्य करावा लागतो. मात्र प्रत्येक आकड्याखाली एक प्रश्न लिहावा : हे ज्यांच्या नावावर मांडले, त्यांना कोणी विचारले होते काय? आम्ही सही करण्यापूर्वी तो लिहिला नव्हता.