महाविद्यालयीन फुटबॉलचे नवे स्टेडियम : जागेची निवड, निधीची उभारणी आणि विद्यार्थिशुल्क
(अमेरिकेतील निवडक विद्यापीठांच्या संदर्भात)

प्रस्तावना

अमेरिकेच्या उच्च शिक्षणव्यवस्थेत फुटबॉल हा केवळ एक क्रीडाप्रकार नाही. माजी विद्यार्थ्यांचे विद्यापीठाशी असलेले नाते, देणग्यांचा ओघ, गावातील प्रतिष्ठा आणि नव्या प्रवेशांचे आकर्षण या साऱ्यांशी तो जोडला गेला आहे. येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे त्या नावाने ओळखला जाणारा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा व फेकण्याचा अमेरिकन खेळ होय. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत अनेक तरुण विद्यापीठांनी हा खेळ नव्याने सुरू केला. साउथ फ्लोरिडा (१९९७), फ्लोरिडा अटलांटिक (२००१), ओल्ड डोमिनियन आणि साउथ अलाबामा (२००९), जॉर्जिया स्टेट (२०१०), टेक्सास विद्यापीठाची सॅन अँटोनियो शाखा (२०११), नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची शार्लट शाखा (२०१३) आणि केनेसॉ स्टेट (२०१५) ही त्यांपैकी काही ठळक नावे.

याच काळात उलट दिशेचा प्रवासही घडला. २००९ साली बोस्टनचे नॉर्थईस्टर्न आणि न्यूयॉर्क राज्यातील हॉफस्ट्रा या दोन विद्यापीठांनी आपापले फुटबॉल संघ बंद केले. म्हणजे एकाच वर्षी एका विद्यापीठाला जो खेळ विकासाचा मार्ग वाटला, तोच दुसऱ्याला न परवडणारा भार वाटला. हा खेळ विद्यापीठाला पेलेल की नाही, हे ज्या प्रश्नांवर अवलंबून असते त्यांतील एक मुख्य प्रश्न स्टेडियमचा आहे. ते कोठे असावे आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत, हे वरकरणी दोन स्वतंत्र प्रश्न वाटतात. प्रत्यक्षात जागा ठरली की खर्चाचा भार कोणावर पडणार हेही बहुतांशी ठरून जाते. हा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्टेडियमची आवश्यकता

फुटबॉलचे मैदान दोन्ही टोकांच्या गोलपट्ट्यांसह १२० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद असते. मावळतीचा सूर्य खेळाडूंच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ते शक्यतो उत्तर-दक्षिण आखले जाते. मैदानाला लागणारी जमीन तुलनेने थोडी. परंतु प्रेक्षकांच्या पायऱ्या, खेळाडूंच्या खोल्या, प्रकाशव्यवस्था, पाण्याचा निचरा आणि मुख्य म्हणजे हजारो मोटारी उभ्या करण्याची जागा धरली की मागणी कित्येक पटींनी वाढते. एवढी जागा अडवणाऱ्या या वास्तूत वर्षाला घरचे सामने मात्र साधारणतः पाच ते सातच होतात.

आकाराचा प्रश्न स्पर्धेच्या स्तराशी निगडित आहे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पहिल्या विभागात फुटबॉलचे दोन स्तर आहेत. वरच्या स्तरावर दीर्घकाळ ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, खालच्या स्तरावर ६३ शिष्यवृत्त्यांची. वरच्या स्तरात राहण्यासाठी सरासरी १५,००० प्रेक्षकसंख्येची अटही होती. ती २०२३ साली काढून टाकण्यात आली, मात्र त्याच वेळी त्या स्तरात प्रवेश करण्याचे शुल्क ५ हजार डॉलरवरून ५० लाख डॉलर करण्यात आले. बहुतेक नवी विद्यापीठे खालच्या स्तरावर आरंभ करून वर जाण्याची आकांक्षा बाळगतात. त्यामुळे आजच्या गरजेपुरते बांधावे की उद्याच्या आकांक्षेसाठी बांधावे, हा पेच आराखड्यापासूनच उभा राहतो.

जागेचे तीन पर्याय

पहिला पर्याय भाड्याच्या स्टेडियमचा. सॅन अँटोनियो येथील अलामोडोम ही शहराच्या मालकीची वास्तू १९९३ साली खुली झाली आणि तिचा खर्च नागरिकांनी अर्धा टक्का विक्रीकराच्या रूपाने पाच वर्षांत उचलला. विद्यापीठाचा मुख्य परिसर शहराच्या वायव्येला आणि अलामोडोम शहराच्या मध्यभागी; तरीही ३ सप्टेंबर २०११ रोजी झालेल्या पहिल्या सामन्यास ५६,७४३ प्रेक्षक उपस्थित होते. विद्यापीठाने स्टेडियमसाठी कर्ज काढले नाही. आपला पैसा अन्यत्र वापरला आणि २०२१ साली परिसरात सरावकेंद्र उभारले. या व्यवस्थेत बांधकामाची जोखीम शहरातील करदात्यांनी आधीच पत्करलेली असते. तिचे तोटेही आहेत. तारखांवर विद्यापीठाचा पूर्ण ताबा नसतो, उत्पन्नात मालकाचा वाटा असतो आणि मोठ्या वास्तूत मध्यम गर्दीही विरळ दिसते. जॉर्जिया स्टेटचा पहिला सामना २०१० साली जॉर्जिया डोममध्ये ३०,२३७ प्रेक्षकांसमोर झाला. नव्या संघासाठी हा आकडा उत्तम; परंतु सत्तर हजारांहून अधिक आसनांच्या त्या वास्तूत निम्म्याहून अधिक जागा रिकाम्याच राहिल्या.

दुसरा पर्याय स्वतःच्या परिसरात नवे स्टेडियम बांधण्याचा. शार्लट शाखेच्या विश्वस्त मंडळाने नोव्हेंबर २००८ मध्ये फुटबॉल सुरू करण्याचा निर्णय घेतला. शहरात व्यावसायिक संघाचे मोठे स्टेडियम असतानाही विद्यापीठाने परिसरातच १५,३१४ आसनांचे स्टेडियम बांधणे पसंत केले. त्यास सुमारे ४.५ कोटी डॉलर खर्च आला आणि पुढे आसने वाढवता यावीत अशी रचना ठेवण्यात आली. पहिला सामना ३१ ऑगस्ट २०१३ रोजी झाला. फ्लोरिडा अटलांटिकने दहा वर्षे इतरत्र सामने खेळून २०११ साली बोका रॅटन येथील परिसरात सुमारे ३०,००० आसनांचे, ७ कोटी डॉलरचे स्टेडियम उघडले. परिसरातील स्टेडियमचा युक्तिवाद भावनिक तसाच व्यावहारिक आहे. वसतिगृहातील विद्यार्थी चालत येऊ शकतो, माजी विद्यार्थी सामन्यानिमित्त विद्यापीठात पाऊल टाकतो आणि उत्पन्न विद्यापीठाकडेच राहते. मात्र कर्जही विद्यापीठाचेच असते.

तिसरा पर्याय जुन्या वास्तूच्या पुनर्वापराचा. नॉरफोक येथील ओल्ड डोमिनियनकडे १९३६ साली बांधलेले फोरमन फील्ड होते. त्याची दुरुस्ती करून २००९ मध्ये खेळ सुरू करण्यात आला आणि संघ स्थिरावल्यावर २०१९ साली त्याची मोठ्या प्रमाणात पुनर्बांधणी झाली. अटलांटातील उदाहरण अधिक बोलके आहे. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचे पुढे टर्नर फील्ड या बेसबॉल मैदानात रूपांतर झाले होते. बेसबॉल संघ २०१६ नंतर उपनगरात गेला तेव्हा जॉर्जिया स्टेटने एका विकासकासह ही वास्तू व सभोवतालचे वाहनतळ सुमारे ३ कोटी डॉलरना घेतले आणि २०१७ पासून तेथे फुटबॉल खेळू लागला. परंतु ही जमीन इतिहासमुक्त नव्हती. १९६० च्या दशकात महामार्ग आणि पहिल्या स्टेडियमसाठी समरहिल व लगतच्या वस्त्यांतील, प्रामुख्याने कृष्णवर्णीय, कुटुंबे विस्थापित झाली होती. त्यामुळे २०१७ साली काही रहिवासी व विद्यार्थ्यांनी स्टेडियमजवळ तंबू ठोकून, पुनर्विकासाचे लाभ वस्तीलाही मिळावेत यासाठी लेखी कराराची मागणी केली. स्वस्त मिळालेल्या जागेची किंमत पूर्वी कोणीतरी मोजलेली असते, हे या प्रसंगातून दिसून येते.

हे पर्याय कायमचे नसतात. साउथ अलाबामाने मोबिल शहरातील १९४८ च्या लॅड-पीबल्स स्टेडियममध्ये आरंभ करून २०२० साली परिसरात स्वतःचे स्टेडियम उघडले. साउथ फ्लोरिडाने व्यावसायिक संघाच्या स्टेडियममध्ये दोन दशकांहून अधिक काळ काढल्यानंतर २०२३ मध्ये ३४ कोटी डॉलरच्या अंदाजपत्रकाला मान्यता दिली आणि २०२४ मध्ये परिसरात बांधकाम सुरू केले. शार्लटच्या खर्चाशी तुलना करता, वाट पाहण्याचीही किंमत असते आणि आकांक्षेबरोबर ती वाढत जाते, असे म्हणता येईल.

निधीचे स्रोत

सार्वजनिक विद्यापीठे स्टेडियमसाठी सामान्यतः करमुक्त कर्जरोखे विकतात. रोख्यांवरील व्याजावर गुंतवणूकदारास केंद्रीय प्राप्तिकर भरावा लागत नसल्याने कमी दराने कर्ज मिळते. मात्र अशा वास्तूचा खाजगी व्यवसायासाठी होणारा वापर साधारणतः दहा टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावा लागतो. कर्जफेडीसाठी चार मार्ग पुढे येतात : तिकीटविक्री, आसनांच्या हक्कांची विक्री, नामकरणाचे हक्क आणि विद्यार्थिशुल्क.

यांतील पहिल्या मार्गाची मर्यादा एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. ४ कोटी डॉलरचे कर्ज पाच टक्के दराने तीस वर्षांत फेडावयाचे झाल्यास वार्षिक हप्ता सुमारे २६ लाख डॉलर येतो. स्टेडियमची १५,००० आसने सहा सामन्यांत पूर्ण भरली तर ९०,००० तिकिटे विकली जातील आणि केवळ हप्त्यापोटी प्रत्येक तिकिटातून सुमारे २९ डॉलर बाजूला काढावे लागतील. निम्मीच आसने भरली तर ही रक्कम ५८ डॉलर होईल. प्रशिक्षकांचे वेतन, शिष्यवृत्त्या व प्रवास यांचा खर्च यात धरलेलाच नाही. याउलट २५,००० विद्यार्थ्यांवर हाच हप्ता विभागला तर प्रत्येकी वर्षाला सुमारे १०४ डॉलर येतात आणि संघ हरला, पाऊस पडला तरी ते जमा होतात. कर्ज देणाऱ्याला विद्यार्थिशुल्क हे सर्वांत भरवशाचे तारण का वाटते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

आसनहक्कांचा मार्ग शार्लटने वापरला. ठरावीक रक्कम आगाऊ भरणाऱ्यास हंगामी तिकिटे घेण्याचा हक्क मिळे. अशा योजनांतून निधीबरोबर लोकांच्या उत्साहाचाही अंदाज येतो. परंतु त्या करधोरणाच्या आधीन असतात. तिकीट घेण्याचा हक्क मिळवण्यासाठी विद्यापीठाला दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर पूर्वी प्राप्तिकरात वजावट मिळत असे. २०१७ च्या करसुधारणेनंतर ती सवलत संपुष्टात आली.

नामकरणाच्या हक्कांतून मोठी रक्कम एकगठ्ठा मिळू शकते. शार्लटला २०१३ साली जेरी रिचर्डसन या उद्योजकाकडून १ कोटी डॉलर मिळाले आणि स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी फ्लोरिडा अटलांटिकला मात्र वेगळा अनुभव आला. खाजगी तुरुंग चालवणाऱ्या जिओ ग्रुप या कंपनीने बारा वर्षांत ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. विद्यार्थी व अध्यापकांनी तीव्र विरोध केल्यावर एप्रिल २०१३ मध्ये कंपनीने स्वतःच माघार घेतली. नाव विकताना विद्यापीठ आपल्या प्रतिष्ठेचाही एक भाग विकत असते, याची जाणीव या प्रकरणाने करून दिली.

खर्चाच्या हिशेबात आणखी एक बाब धरावी लागते. १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यातील नवव्या प्रकरणानुसार शासकीय साहाय्य घेणाऱ्या संस्थांना क्रीडासंधींत लिंगभेद करता येत नाही. फुटबॉलसाठी शंभराच्या आसपास पुरुष खेळाडू वाढल्यावर महिलांच्या क्रीडाप्रकारांतही भर घालावी लागते. साउथ फ्लोरिडाच्या नव्या स्टेडियममध्ये महिलांच्या लॅक्रॉस संघाचाही विचार झाला आहे, तो या संदर्भात लक्षणीय आहे.

निर्णय कोणाचा, भार कोणाचा

विद्यार्थिशुल्काला विद्यार्थ्यांची संमती घेण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. सॅन अँटोनियोच्या विद्यार्थ्यांनी २००७ साली मतदानाद्वारे क्रीडाशुल्कवाढीस कौल दिला; पहिला सामना २०११ साली झाला. केनेसॉ स्टेटमध्ये असे मतदान २०१० साली झाले. पहिला सामना २०१५ साली. शार्लटमध्ये विश्वस्तांचा निर्णय आणि पहिला सामना यांत जवळजवळ पाच वर्षांचे अंतर आहे. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. अर्थात ज्यांनी मत दिले त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी पहिला सामना पाहण्यापूर्वीच बाहेर पडले. आणि जे पुढील पंचवीस-तीस वर्षे हप्ता भरतील, त्यांतील अनेकांचा मतदानाच्या वेळी जन्मही झालेला नव्हता. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला येणारा, शनिवारी कामावर जाणारा विद्यार्थीही तेवढेच शुल्क भरतो. आपल्याकडील जिमखाना शुल्काशी परिचित असलेल्या अध्यापकांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. फरक आहे तो रकमेचा आणि कर्जाच्या मुदतीचा.

या असमतोलाची दखल कायद्यानेही घेतली आहे. व्हर्जिनिया राज्याने २०१५ साली क्रीडाखर्चातील विद्यार्थिशुल्काच्या वाट्यावर मर्यादा घातल्या. सर्वांत बलाढ्य क्रीडासंघांतील विद्यापीठांसाठी ती २० टक्के, वरच्या स्तरावरील अन्य विद्यापीठांसाठी ५५ टक्के आणि खालच्या स्तरासाठी ७० टक्के ठेवण्यात आली. निर्बंध घातल्यानंतरही खालच्या स्तरावर ७० टक्क्यांपर्यंत भार विद्यार्थ्यांवर टाकण्यास मुभा असावी, ही बाब पुरेशी सूचक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. भाड्याचे स्टेडियम निवडल्यास बांधकामाचा भार शहरातील करदात्यांकडे राहतो, परिसरातील नवे स्टेडियम तो विद्यार्थ्यांकडे आणते, तर जुन्या वास्तूच्या पुनर्वापरात पूर्वीच्या पिढ्यांनी आणि विस्थापितांनी मोजलेली किंमत दडलेली असते. नवा संघ कितपत तग धरेल हे ठाऊक नसताना भाड्याच्या किंवा जुन्या वास्तूत आरंभ करणे अधिक सावधपणाचे ठरते. मात्र त्यातही स्वतःच्या स्टेडियमची ओढ पुढे डोके वर काढते, असा साउथ अलाबामा व साउथ फ्लोरिडाचा अनुभव आहे.

देणग्या आणि नामकरण यांची वृत्ते ठळकपणे छापली जातात. विद्यार्थिशुल्क मात्र शुल्कपावतीच्या एका ओळीत राहते. वस्तुतः अनेक योजनांचा पाया तीच ओळ असते. म्हणून अशा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रति विद्यार्थी वार्षिक शुल्क किती, ते किती वर्षे चालेल आणि अपेक्षित प्रेक्षक न आल्यास ते किती वाढेल, हे तीन आकडे सर्वप्रथम मांडले गेले पाहिजेत. ते विचारण्याची जबाबदारी अध्यापकवर्गावर अधिक येते. कारण विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात, कुलगुरू बदलतात, परंतु कर्जाच्या संपूर्ण मुदतीत त्या परिसरात राहणारा वर्ग प्रामुख्याने अध्यापकांचाच असतो.